होडीतल्या एका रात्रीचा बेत

हर्बर्ट स्पार्लिंगच्या घरासमोर सहा वर्षं एक चौदा फुटी होडी उभी होती. ती पाण्यात जायची, नाही असं नाही. रविवारी दुपारी जायची आणि चहाच्या वेळेला परत यायची. पण हर्बर्टने ती घेतली होती तिच्यात रात्रभर मुक्काम करायला, आणि नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.

तयारीत म्हणाल तर कसर नव्हती. शिडाच्या आडव्या दांड्यावरून टाकायचा कॅनव्हासचा तंबू त्याने दोन हिवाळे बसून स्वतः शिवला होता. अंथरुणासाठी बाकांवर टाकायच्या फळ्या, स्टोव्ह, कंदील, झाकणाची बादली, सगळं माळ्यावर जागच्या जागी होतं. पाणीपुरवठा खात्याच्या कोठारात उभा जन्म काढलेला माणूस तो. घाईने निघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून परततो, असं तो सांगायचा. एनिड, त्याची बायको, म्हणायची, "तू तर निघतच नाहीस, मग परतणार कुठून?"

जूनमध्ये तिने शेवटचं सांगून टाकलं. "ऑगस्ट संपेपर्यंत आपण दोघं त्या होडीत एक रात्र झोपलो तर ठीक. नाहीतर क्लिफर्डला विकून टाक. तिच्या जागी मला गुलाब लावायचेत."

क्लिफर्ड हा हर्बर्टचा होडी-क्लबातला जुना दोस्त. होडीवर त्याचा डोळा होता, आणि तो हे लपवतही नव्हता.

हर्बर्टने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला आणि शेजारी भरतीच्या वेळांचं पुस्तक ठेवलं. खाडीच्या आतल्या टोकाला, जुन्या मोडक्या बार्जच्या, म्हणजे मालवाहू नावेच्या, आडोशाला, एक जागा त्याने हेरून ठेवली होती. वारा नाही, लाट नाही, ओहोटीला होडी चिखलावर अलगद बसते आणि माणूस पाळण्यात असल्यासारखा झोपतो. अडचण पाण्याची होती. एसेक्सच्या या खाड्यांत भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी पाण्याची, भरती सकाळ-संध्याकाळ येते. संध्याकाळी जावं, सकाळी निघावं, वेळ अशी सोन्यासारखी. पण भांगाचं पाणी बार्जपर्यंत पोचतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचं पोचतं, पण ते येतं भर दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे शनिवारी दुपारी आत शिरायचं आणि रविवारी दुपारी बाहेर पडायचं. आणि रविवारी दुपारी एनिडकडे चॅपलच्या जेवणाचं वाढप.

"खाडीच्या तोंडाशी झोपू या की," एनिड म्हणाली. "तिथे तर कायम पाणी असतं."

"तिथे होडी रात्रभर हलेल. तुला झोप लागणार नाही."

"माझ्या झोपेचं मी बघते. तू फक्त निघ."

जुलैमधल्या एका उधाणाला नेमका वारा सुटला. दुसऱ्याला एनिडच्या बहिणीने पाय मुरगळून घेतला. क्लिफर्ड अधूनमधून यायचा, केकचे दोन तुकडे उचलायचा आणि नकाशावर बोट ठेवायचा.

"इथे? अरे, इथे डास किती!"

"तुला कोणी बोलावलंय?" हर्बर्ट म्हणायचा.

"मी फक्त सांगतोय बाबा. उद्या होडी माझी झाली तर मला ठाऊक असायला हवं ना."

केकचा चुरा पडायचा तो नेमका नकाशावर. हर्बर्ट तो कण न् कण टिपून काढायचा आणि दात-ओठ खायचा.

ऑगस्टचा शेवटचा शनिवार उजाडला. उधाणाचा दिवस, हवा स्वच्छ, एनिडने चॅपलचं काम शेजारणीच्या गळ्यात घातलेलं. आता सबब उरली नव्हती. दुपारी भरलेल्या पाण्यावर ते खाडीत शिरले आणि बार्जपाशी आले. हर्बर्ट नांगर टाकणार, तेवढ्यात एनिड म्हणाली, "इथे उतरले तर गुडघाभर चिखल. ते पुढे खाजणाच्या दलदलीतलं गवत दिसतंय, तिथपर्यंत घे ना."

उधाणाच्या माथ्यावर कधी पुढे सरकू नये, हे हर्बर्टनेच क्लबातल्या नवशिक्यांना वर्षानुवर्षं बजावलं होतं. प्रत्येक उधाणात शिखराची, सगळ्यात उंच भरती एकदाच येते, आणि ती आजचीच होती. तिच्यानंतरची प्रत्येक भरती थोडी बुटकी असते. पण तीन महिने तो या बाईला नाहीच म्हणत आला होता. त्याने वल्हं मारलं, आणि होडी खाजणाच्या घळीतून थेट किनाऱ्यावरच्या मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, गवतावर जाऊन टेकली.

एनिड पाय न भिजवता उतरली. तिने सॉसेज तळले, चहा केला आणि दिवस मावळल्यावर तंबूत जी झोपली ती सकाळपर्यंत. हर्बर्टच्या डोळ्याला डोळा लागला नाही. रात्रीची भरती आली, होडीच्या पोटाला गार हात लावून गेली. होडी काही उचलली गेली नाही.

रविवारी दुपारचं पाणी आणखी कमी आलं. नैर्ऋत्येच्या वाऱ्याने तेही अडवून धरलं. दोघांनी खांदा लावला, वल्ह्यांनी रेटून पाहिलं. होडी म्हणजे चिखलात रुतलेली म्हैस. पाणी परत निघालं तेव्हा बांधावरून सायकलची घंटा वाजली.

"हर्बर्ट," क्लिफर्ड वरून म्हणाला, "ही तिथपर्यंत पोचली कशी रे?"

हर्बर्ट वल्ही गोळा करत होता. उत्तर एनिडने दिलं. "मी सांगितलं म्हणून. आणि झोप छान लागली. होडी विकायची नाहीये, क्लिफर्ड."

"विकायची ठरवलीत तरी नेणार कशी?" हसत हसत तो निघून गेला.

पांघरुणं आणि बादली घेऊन दोघं बांधावरून चालत निघाली. हर्बर्टच्या मनात सारखं तेच घोळत होतं. सहा वर्षांचा बेत, आणि चूक केली ती नवशिक्याची.

"आता पुढचं उधाण कधी?" एनिडने विचारलं.

"दोन आठवड्यांनी. वारा बरा असला तर दुपारी सुटेल."

"म्हणजे आदल्या रात्री इथेच झोपायचं."

"कशाला? दुपारी येऊन काढता येईल."

"उशी आणायला हवी," ती म्हणाली. "आणि नकाशा नको आणूस."

हर्बर्टने बादली दुसऱ्या हातात घेतली. तो मनातल्या मनात सप्टेंबरच्या पाण्याची उंची मांडायला लागला होता, आणि ती होडी सुटण्याइतकी काही केल्या भरत नव्हती.