आता ‘आई’ म्हण

“म्हण बरं, पाणी. तुमच्यात काय म्हणतात?”

सरनं माइक माह्या तोंडापुढं धरला. वर्ध्यातल्या आमच्या कॉलेजचा हॉल, उन्हाळी संशोधनाचं सादरीकरण, समोर बाहेरगावचे पाहुणे. मी म्हटलं, “येर.” मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. सरही हसले. “पुन्हा म्हण. मोठ्यानं.”

पुन्हा म्हटलं. बापा, काय लाज वाटली! घरची बोली, अन् माह्याच तोंडात कडू झाली.

प्रकल्प गोंडी बोलीचा. बी.ए.चे आम्ही तिघं विद्यार्थी आणि सर. गोंडाची पोरगी मी एकलीच. निवड झाली तेव्हा मायले फोन केला, मी संशोधन करून राह्यली. मायले तो शब्द नीट म्हणता येईना, पण गावभर सांगून आली.

कारंजाकडच्या गावात गेलो की बाकीचे दोघं विद्यार्थी गाडीजवळ सावलीत थांबत. सर म्हणत, “तू हो पुढे. तुझीच माणसं.” मी उन्हात दारोदार. बाया बोलायच्या, मी मोबाइलवर रेकॉर्ड करायची, मंग होस्टेलवर ऐकून एकेक शब्दाचा अर्थ लावायची. सुट्टीतलं होस्टेल. मेस बंद. अख्ख्या मजल्यावर माह्याच खोलीतला पंखा फिरत राहे. ते दोघं संध्याकाळी सरच्या घरी चहाले जात, प्रकल्पाचं लिहिणं तिथंच चाले. मले एकदाही बोलावलं नाई.

गावात तरी कुठं मी त्याइची होती? एका बुढीनं गोंडीत विचारलं, कोणाची तू? मी बापाचं नाव सांगितलं. तिनं गाडीकडं पाहिलं आणि एकदम मराठीवर आली, परक्याशी बोलते तशी. “मंग त्याइच्या गाडीत काऊन आली?” त्या दिवशी मी जेवली नाई.

हॉलमधल्या पडद्यावर आता नावं आली. ते दोघं ‘संशोधक विद्यार्थी’. खाली मी. ‘बोलीचा नमुना’.

सर म्हणाले, “आता ‘आई’ म्हण.”

माही माय डोळ्यापुढं आली. इथं? या हसणाऱ्याइपुढं?

“नाई म्हणत.”

“अगं, घाबरू नकोस.”

“घाबरली नाई सर. मी नमुना नाई. शब्द मी जमवले, अर्थ मी लावले. काई विचाराचं असन तर मले विद्यार्थिनी म्हणून विचारा.”

ते दोघं मोबाइलमध्ये पाहू लागले. सरनं माइक काढून घेतला आणि पाहुण्याइले म्हणाले, “जरा भावनाप्रधान असतात हे लोक.”

मी उठून बाहेर आली. मागं कोणी आलं नाई. व्हरांड्यात उभी राहून रडली. खूप रडली.

सरनं प्रकल्पातून काढलं तर काढू दे. मी दुसऱ्या मार्गदर्शकाकडं जाईन. कोणीच घेतलं नाई तर एकटीनं करीन, पण गोंडीचं काम मीच करीन आणि त्यावर संशोधक म्हणून माहंच नाव लिहीन. कोणी म्हण म्हटलं म्हणून मी आता म्हणणार नाई.