मागणी अमान्य आहे

आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो, की कुणीतरी देवस्थळी वकिलांचं नाव काढतंच. मग एका किश्शातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि चहा निवून जातो. माझी भाची म्हणते, "मावशी, तू हसत हसत सांगतेस, पण गोष्टी सगळ्या भीतीच्याच आहेत गं!" खरं आहे. तेव्हा आमच्यापैकी कुणीही हसत नव्हतं!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी गिरगावात देवस्थळींकडे टायपिस्ट होते. ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरची एक खोली. खालून टिंक्चरचा वास यायचा, वर आम्ही दोघं, आणि बाकावर घाबरलेली माणसं.

झालं होतं असं, की परळच्या नाक्यावरचं एक दुकान हप्त्याने शिलाई मशीनं, घड्याळं, रेडिओ द्यायचं. ते बुडालं. त्याच्या जुन्या वह्या एका वसुली कंपनीने स्वस्तात उचलल्या आणि वहीत ज्याचं नाव दिसलं त्याला नोटीस धाडली. कुणी केव्हाच पैसे फेडले होते, कुणी मशीन परत केलं होतं, कुणी तर वारलेही होते. मजकूर सगळ्यांना एकच. रक्कम ताबडतोब भरा, नाहीतर दावा आणि जप्ती.

'जप्ती' हा शब्द तेवढा लाल शाईत!

*

पहिली आली ती लालबागची लक्ष्मी परब. नवरा गणपत गिरणीत, साच्यावर म्हणजे मागावर. नोटीस तिने पदराच्या गाठीत बांधून आणली होती. गाठ तिला सुटेना. शेवटी मीच सोडवली. कागद उलगडून मी वाचायला सुरुवात केली, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"मोठ्यान वाचू नको गो बाय! मोठ्यान वाचलास तर लागू होतला!"

मी देवस्थळींकडे पाहिलं. वाटलं, हसतील. ते उठले, त्यांनी खिडकी लावून घेतली आणि ती नोटीस तिच्या कानाशी वाकून, कुजबुजत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली.

परबांनी मशीनचे हप्ते जवळजवळ सगळे भरले होते. दुकान बुडालं तेव्हा शेवटचे थोडे राहिले, आणि ते कुणाकडे भरायचे हे कुणी सांगितलंच नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

*

देवस्थळींचं उत्तर ठरलेलं असे. मूळ करार दाखवा, जमा-खर्चाचा हिशेब दाखवा, आणि दुकानाचं येणं तुमच्या नावावर झालं त्याचा कागद दाखवा. तोपर्यंत मागणी अमान्य आहे.

मी ते इंग्रजीत टाइप करायची. एकदा गणपत परब मोर्चातून थेट ऑफिसात आला. घसा बसलेला, अंगावर धूळ. म्हणाला, "वकीलसाहेब, आमची भीती मराठीत हा. उत्तर इंग्रजीत कशाक?"

देवस्थळींनी त्याच दिवशी भाड्याने मराठी टाइपरायटर आणला. लोक यायचे आणि शेवटची ओळ परत परत वाचून घ्यायचे. एक म्हातारे गृहस्थ तर "अमान्य" हा शब्द पाठ करत जिना उतरले.

आणि असं उत्तर धाडणारे आमचे वकीलसाहेब स्वतः कसे? कोर्टात निघण्याआधी त्यांना घाम फुटायचा. दोन ग्लास पाणी प्यायचे, कोटाची बटणं चुकीची लावायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "इतकी वर्षं झाली, तरी भीती वाटते?"

"वाटते म्हणून तयारी करतो, कुसुमबाई! ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी पक्षकारांना दुसऱ्या वकिलाचा पत्ता द्या!"

*

दुसऱ्याच्या नोटिसा रोज हाताळणारी मी. एके दिवशी घरी गेले तर आमच्याच दारात तसलं पाकीट! नाव वडिलांचं.

आमचे वडील म्हणजे पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क. जन्मात कुणाची उधारी केली नाही. नोटिशीत शिलाई मशीन होतं, आणि आमच्या घरी सुईदोऱ्यापलीकडे काही नव्हतं. नावाचा घोळ, उघड होतं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पाकीट पोस्टमनने शेजारच्या बिऱ्हाडात दिलं होतं, म्हणजे मजल्यावर सगळ्यांना कळलं होतं.

मी समजावलं, "अहो दादा, उद्या मी उत्तर टाइप करते. एक दमडी द्यायची नाही."

ते ऐकेनात. कोट चढवला, टोपी घातली. "न घेतलेल्या मशीनचे पैसे भरतो, पण वसुलीवाला दारात उभा राहायला नको!"

रडावं की ओरडावं कळेना. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारात आडवी उभी राहिली.

"भरा की! पण येताना मशीन घेऊन या. मला कधीचं हवंय!"

दादांनी कोट काढून खुंटीला लावला.

*

हा वसुलीवाला म्हणजे शेवडे. उंच, किडकिडीत, काखेत चामड्याची बॅग. चाळीच्या गॅलरीत उभा राहून नोटीस खणखणीत आवाजात वाचायचा. पोरं खेळायची थांबायची, बायका दारं लोटून घ्यायच्या.

मी त्याला जवळून पाहिलं ते दादरच्या मासळीबाजारात. प्रभादेवीची हिराबाई कोळीण आमची पक्षकार. सकाळची वेळ, तिच्या पाटीपुढे हा उकिडवा बसलेला आणि अगदी गोड आवाजात चाललेलं, "मावशी, रक्कम राहू दे. एक रुपया दे, या पावतीवर अंगठा उठव. पुढचं मी बघतो."

अख्ख्या बाजाराला गप्प करणारी हिराबाई, कागद पाहून तिचे ओठ सुकले होते. तिने अंगठा शाईवर टेकवलासुद्धा!

देवस्थळींनी मला बजावलेलं होतं. तीन वर्षं उलटून गेलेलं येणं कोर्टात चालत नाही. म्हणून मुदत संपत आली, की ही माणसं रुपया-दोन रुपये घेऊन सही मागतात. तेवढ्याने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू! हिराबाईची मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते.

मी पुढे झेपावले आणि तिचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. शेवडे माझ्याकडे बघतोय, मी तिचं मनगट सोडत नाहीये. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक.

शेवटी हिराबाईच बोलली. "हात सोर गो बाय! कोलबी चिरडली सगली!"

पण अंगठा तिने लुगड्याला पुसून टाकला. शेवडे उठला, पावती बॅगेत घातली. जाताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "बाई, रिकाम्या हाताने गेलो की मलाही वरून नोटीस मिळते हो."

*

मग परबांची केस कोर्टात उभी राहिली. त्यांची मुदत केव्हाच टळली होती, आम्ही निर्धास्त होतो. तर कंपनीने एक पावती हजर केली. मुदत संपायच्या आत, अमुक दिवशी, गणपत परबाने राहत्या घरी वसुली कारकुनाला पाच रुपये दिले. खाली गणपतच्या नावाची वेडीवाकडी सही.

"माझी नाय ती सही!" गणपत म्हणाला.

"शेवडे त्या दिवशी तुमच्या घरी आला होता?" देवस्थळींनी विचारलं.

मग लक्ष्मी बोलली. आला होता. तो दिवस गोळीबाराचा, तिला नोटीस यायच्या कितीतरी आधीचा. लालबागच्या रस्त्यावर दगड पडत होते, अश्रुधूर गॅलरीत शिरला होता. शेवडे चाळीत दुसऱ्या कुणाच्या वसुलीला आलेला, तो मध्येच सापडला. चाळीतल्या पोरांनी त्याला ओळखलं आणि ती आरडाओरडा करत जिन्यावरून त्याच्या मागे लागली. त्याला पहिलं उघडं दार दिसलं ते परबांचं. लक्ष्मीने त्याला आत ओढलं आणि कडी घातली. संचारबंदी उठेपर्यंत तो तिथेच, मोरीजवळ बसून.

"पैसे दिले?"

"नाय हो. तो थरथरत होतो, आमी थरथरत होताव. पैशाची गोष्ट कोण काढतला?"

शेवडे घरी आला होता हे तर खरंच होतं. पुढे काय झालं ते सांगायला परबांच्या बाजूने दुसरा साक्षीदार नव्हता. सगळं आता शेवडेच्या तोंडावर होतं, आणि शेवडे पगार कंपनीचा खात होता.

सुनावणीच्या दिवशी स्मॉल कॉज कोर्टात देवस्थळी तीन ग्लास पाणी प्यायले. लक्ष्मी माझ्या शेजारी, माझी बोटं चुरगळत. शेवडे पिंजऱ्यात उभा राहिला. त्याने शपथ घेतली तीही ऐकू येईना, जज्जसाहेबांनी मोठ्याने बोलायला सांगितलं.

कंपनीचा वकील खुशीत होता. "त्या दिवशी तुम्ही प्रतिवादी गणपत परब यांच्या घरी गेला होतात?"

"गेलो होतो."

लक्ष्मीने डोळे मिटले.

"किती वेळ होतात?"

"संध्याकाळपर्यंत."

"आणि त्यांच्या घरून तुम्ही काय घेतलंत, ते कोर्टाला सांगा."

शेवडेने कंपनीच्या मालकाकडे पाहिलं. मालक पहिल्याच बाकावर बसला होता. मग त्याने आमच्या बाकाकडे पाहिलं. घाम त्याच्या हनुवटीवरून कॉलरवर गळत होता.

"बांगड्याचं तिखलं आणि भात, साहेब," तो म्हणाला. "दोनदा वाढून घेतला."