फांदीखालची तुळस

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मुलुंडला आमच्या चाळीच्या अंगणातली जांभळाची दांडगी फांदी वाळली. ती उतरवायला आलेला माणूस मूळचा वेसाव्याचा कोळी. होडी बांधताना खुंट्याला दोराचे वेढे देतात, तसे देता यावेत म्हणून त्याने जाड लोखंडी पाइपचं एक यंत्र स्वतः बनवलं होतं. ते बुंध्याला आवळून त्यावर दोर गुंडाळला, की केवढीही फांदी एकटा माणूस हळूहळू खाली सोडायचा.

खाली तुळस होती. आई ती हलवायला धावली.

"राहू दे बाय," तो म्हणाला. "खाली काय नसलं की हात ढिला पडतो."

वर त्याचा भाऊ करवत चालवत होता. हा मात्र फांदीकडे बघतच नव्हता. नजर तुळशीवर, दोर मुठीत. फांदी मंजिऱ्यांच्या वीतभर वर थांबली, मग बाजूला टेकली. त्याने निवांत तंबाखू मळली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

काही वर्षांनी घाटकोपरला झाडं छाटणारी वेगळीच माणसं दिसली. बुंध्याला तसाच पाइप, तसेच वेढे. फांदीखाली तुळशीची कुंडी, तीही टेम्पोतून सोबत आणलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"तिच्याशिवाय यंत्र चालत नाय," मुकादम म्हणाला.