सगुणा माईकवर बोलली ते

"दिवा मी लावणार नाय. तुला लावायचा तर तू लाव."

"घरात बायको असून मी लावू? लोकं काय म्हणतील?"

"लोकांना काय दिसतंय? दाराला कडी हाय."

हे भांडण मी भिंतीपलीकडून ऐकलं तेव्हा माझं नवीन लग्न झालेलं. आम्ही कोकणातून येऊन आंबिवलीजवळच्या या गावात राघो आणि सगुणा यांच्या चाळीत भाड्यानं राहिलो होतो. भिंत अशी, की पलीकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला. मी ह्यांना म्हटलं, "घरमालकीण आळशी दिसते." हे म्हणाले, "तू तुझी भाकरी बघ, करपतेय."

तेव्हापासून त्या घरात देवापुढचा दिवा राघोनंच लावला. शेत गेलं, जमिनीवर टॉवर उभे राहिले, चाळीच्या जागी चार मजली घर आलं, तरी दिव्याला माणूस तोच. लोकांना कळलं तेव्हा लोक म्हणाले, काय भाविक पुरुष आहे! आणि सगुणाला तर त्याच्याहून भाविक समजत, कारण ती पोथी वाचायची.

श्रावण आला की गावदेवीच्या देवळात दुपारी बायका जमत. सगुणा चष्मा पुसून पाटावर बसे आणि वाचायला लागे. तिचा आवाज काही गोड नव्हता, थोडा घोगराच. पण राजा रडला की आमचे डोळे भरत, आणि राक्षस आला की मागं बसलेल्या बायका पुढं सरकत. कुणी मूल व्हावं म्हणून नवस बोललं, कुणी नवऱ्याची दारू सुटावी म्हणून. जागृतीला देवेश झाला तो सगुणाच्याच पोथीवर, असं जागृती सगळ्या गावाला सांगे. वाचून झालं की बायका सगुणाच्या पाया पडत. ती पाय मागे घ्यायची. आम्ही म्हणायचो, बघा, केवढा विनय.

मागच्या श्रावणात देवळाला संगमरवर बसला. देवस्थान कमिटीचा अध्यक्ष हितेश. गावातल्या म्हाताऱ्या रंगूबाईंचा मुलगा तो. त्यानं ठरवलं, सगुणाकाकींचा सत्कार करायचा. मांडव घातला, खुर्च्या आणल्या, खांबाला भोंगे बांधले. शाल, नारळ आणि काचेची एक पाटी. पाटीवर सोनेरी अक्षरांत 'भक्तिभूषण'. टाळ्या झाल्या. हितेशनं माईक तिच्या हातात दिला. "काकी, दोन शब्द."

सगुणानं पाटी आधी नीट वाचली. तिला समोर येईल ते वाचायची सवयच होती, वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सोडत नसे. मग म्हणाली, "हितेश, शाल घेते, थंडीला व्हईल. ही पाटी परत ने बाबा. हिच्यावर लिवलंय ती मी नाय."

लोक कौतुकानं हसले.

"हसू नका. खरं सांगते. मी देव मानत नाय. कधीच मानला नाय. मना वाचायला आवडतं म्हणून मी वाचते."

आजही ते आठवलं की माझ्या हातातलं काम थांबतं. भोंगे चालू होते. टॉवरच्या गॅलऱ्यांमध्ये कपडे काढायला आलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या. भटजींच्या हातातला नारळ हातातच राहिला. मी उभी होते ती खुर्ची चाचपत खाली बसले, आणि खुर्चीत आधीच कुणीतरी बसलेलं होतं. आणि तेवढ्यात मला ते भिंतीपलीकडचं भांडण आठवलं. म्हणजे आळस नव्हता तो!

मांडवात एकच गोंधळ उडाला. जागृती ओरडली, "अगं, पण माझा देवेश!"

तिची जाऊ म्हणाली, "मग काय, परत करणारेस?"

"आपण उपाशी बसून ऐकलं गं हिचं, उपाशी!" मागून एकजण कळवळली.

मग बायका कारण शोधायला लागल्या. कारणाशिवाय असं कुणी बोलेल का? एकीनं विचारलं, पोर गेलं होतं का एखादं? नव्हतं गेलं. दुसरीनं विचारलं, सासू छळायची का? तिसरीनं थेट राघोलाच गाठलं. "तुम्ही मारायचात का हिला?"

राघो म्हणाला, "मी? अगं, मी अजून घाबरतो तिला." आणि पुढं हळूच, "मना ठावं होतं. पहिल्यापासून." आम्हाला हा दुसरा धक्का. एवढा देवभोळा माणूस अशा बाईबरोबर एका ताटात जेवला, आणि एकदाही बाहेर चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. न राहवून विचारलं, "असं का केलंस गं? गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "वाचत व्हते तवर मी काय खोटं बोलले नाय. पोथीत जे व्हतं ते वाचलं. पाटी घेतली असती तर खोटं झालं असतं."

"पण कारण काय? झालं तरी काय?"

"काय नाय झालं. कुणाला पाणी गोड लागतं, मना नाय लागत, तसं. तुमी सगळ्या डोळे मिटायच्यात तवा मी पण मिटून बघायची. आत काळोख. बाकी काय नाय."

मग तिनंच सांगितलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, हुशार म्हणून मास्तरांची लाडकी. लग्न होऊन आली तर घरात पुस्तक नाही, आणि वर्तमानपत्राचा तुकडा वाचताना दिसली तरी सासू हाक मारी: गोठा झाला का, पाणी भरलं का. पण या गावात एक रीत होती. पोथी वाचत असलेल्या बाईला हाक मारायची नाही. पाहुणा येवो, दूध उतू जावो, अध्याय संपेपर्यंत तिला कुणी उठवायचं नाही. हे सगुणाला कळलं आणि तिनं देव्हाऱ्यामागची पोथी काढली. दिवसातला तेवढाच वेळ तिचा. सासूनं ऐकलं, सासूला आवडलं. सासूनं शेजारणींना बोलावलं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या वाचनाच्या हावेला भक्ती समजून तिला पाटावर बसवलं!

मी घरी आले तरी डोकं सुन्न. मी देव मानते, रोज जप करते, पण जपात माझं मन कुकरच्या शिट्ट्या मोजत असतं. आणि ही न मानणारी, एक अक्षर इकडचं तिकडं न करता वाचायची. आता यातलं देवाला काय पोचलं असेल, ते तो असला तर त्यालाच ठाऊक.

पण खरा पेच पुढंच होता. हितेशची आई, रंगूबाई, अंथरुणाला खिळलेल्या. नजर गेलेली. सगुणा रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन वेगळी पोथी वाचायची. रंगूबाईंचा नेम होता, अध्याय ऐकल्याशिवाय जेवायचं नाही. आणि पोथी ज्यानं वाचायला घेतली त्यानंच पुरी करायची, हाही इथला नियम. पोथी अर्ध्यावर आलेली, आणि हितेशनं निरोप धाडला, काकींनी यापुढे आमच्या घरात पाऊल टाकू नये.

हितेशनं आईच्या उशाशी मोबाइलवर पोथी लावली. रंगूबाईंनी दोन ओळी ऐकल्या. म्हणाल्या, "ह्यो कोण बाप्या बोंबलतोय? याला माझं नाव तरी ठावं हाय का?" आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणीही घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आता थोडेच दिवस धरून चाला.

तेव्हा हितेशची बायको कल्पिता सगुणाच्या दारात आली. रडत होती. "काकी, चला. हे काय म्हणतील ते मी बघून घेईन."

सगुणानं मला हाक मारली. "तू पण चल. मना धडधडतंय." तिला धडधडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

रंगूबाईंनी पावलं ओळखली. "सगुणे, मी भोंग्यावर ऐकलं सगळं."

"व्हय, वयनी."

"मी एवढी म्हातारी, देवळात तुझ्या पाया पडले गं."

"मी दर टायमाला पाय मागं घेतला. तूच पुढं सरकायचीस."

कल्पिता हुंदका देता देता हसली. हितेश दारात उभा होता, त्याला हसावं की ओरडावं कळेना.

रंगूबाईंचा आवाज मात्र फुटला. "देव नाय तर मी मेल्यावर जाऊ कुठं?"

 मला वाटलं, आता तरी ही एक बरं खोटं बोलेल. मी तिला कोपरानं ढोसलंसुद्धा.

सगुणा म्हणाली, "मना नाय ठावं, वयनी. पोथीत काय लिवलंय तेवढं ठावं. वाचू?"

 रंगूबाईंनी हात चाचपत छातीवर जोडले. "वाच. बाकीचं माझं मी बघते."

सगुणानं चष्मा पुसला. अध्याय संपल्यावर रंगूबाई पेज प्यायल्या. वाटी हितेशनंच धरली होती.

पोथी यथासांग पुरी झाली. वाटलं, सुटलो. तर रंगूबाई म्हणाल्या, "दुसरी काढ." पण घरातल्या साऱ्या पोथ्या वाचून झालेल्या. मग सगुणा कल्याणच्या वाचनालयात गेली आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. खुनाची गोष्ट! मी हादरले. त्याहून हादरले ते रंगूबाईंना पाहून. त्यांनी पुस्तकाला हळदीकुंकू वाहायला लावलं, हात जोडले, आणि प्रकरण संपल्याशिवाय घास घेतला नाही. मधेच म्हणायच्या, "भाचा हाय खुनी. सांगते तुला. लई गोड बोलतो मेला." हितेशनं कपाळाला हात लावला. पण आई जेवतेय म्हटल्यावर बोलणार काय?

सगुणा पौषात गेली. झोपेतच. सकाळी राघोनं हाक मारली आणि ती उठली नाही. ना ताप, ना खोकला. माझा अजून विश्वास बसत नाही. आता रंगूबाईंना कल्पिता वाचून दाखवते. फार भरभर वाचते म्हणून रंगूबाई कुरकुरतात, पण जेवतात.

जायच्या आदल्या दिवशी सगुणा नेहमीसारखी सकाळीच पुस्तक बदलायला कल्याणला गेली होती. येताना रिक्षात पहिली पानं वाचून काढली आणि गावाचा थांबा मागं राहिला, तेवढं परत चालत आली. दुपारी रंगूबाईंकडे बसली. मीही होते. एक प्रकरण वाचलं, पानात सुतळीचा तुकडा घातला.

"पुढं काय झालं ते सांग की गं," रंगूबाई म्हणाल्या.

"पुढचं मी पण नाय वाचलं. जेव आधी, भात निवतोय."

कल्पिता ताट घेऊन आली. सगुणानं पिशवी काखोटीला मारली, दारात चपला सरळ करून पायात घातल्या, आणि कोपऱ्यावर थांबून, भजीवाल्यानं टाकलेल्या कागदावर काय छापलंय ते वाचून मगच पुढं गेली.