हात कोरडे राहिले ती संक्रांत

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुकं खोबरं चिरताना माझ्या लक्षात आलं, की बराच वेळ मी हात धुतलेले नाहीत.

आमच्या जे. पी. नगरच्या घरी संक्रांतीला तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे आणि डाळं एकत्र करून एळ्ळु-बेल्ला करतात आणि ओळखीच्या घरांत वाटतात. बेंगळुरूत आमच्या इतक्या पिढ्या गेल्या, की तिळाचे लाडू आम्हाला पाहुण्यांचे वाटतात. खोबऱ्याचे आणि गुळाचे बारीक, एकसारखे तुकडे करायचं काम कायम माझं. पहिली वाटी देवाची, म्हणून सगळं सोवळ्यात. आम्ही त्याला मडी म्हणतो. शाळेत असल्यापासून मी थोडं चिरायचे आणि हात धुवायचे, पुन्हा थोडं चिरायचे आणि पुन्हा धुवायचे, कातडी फुटेपर्यंत. वडिलांच्या थोरल्या बहिणीला घरात सगळे अक्का म्हणतात. ती शेजारणींना कौतुकाने सांगायची, की हिच्यासारखी मडी आजकाल कोण पाळतं? याला ओसीडी म्हणतात असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सगळ्यांत जास्त दुखावली ती अक्का. देवाचं काम नीट करणं हा आजार कसा असेल, असं तिला वाटत होतं.

त्या दुपारी माझे हात कोरडे होते. डोक्यात नेहमी कोणीतरी बसलेलं असतं आणि ‘पुन्हा’ एवढंच म्हणत असतं. ते उठून गेलं होतं. जाताना दार वाजलं नव्हतं. मी सुरी थांबवून वाट पाहिली. काहीच आलं नाही. गुळाचे तुकडे आतून दिवा लावल्यासारखे दिसत होते. खालच्या घरातल्या कुकरची शिट्टी माझ्या मनातल्या वाक्याला उत्तर दिल्यासारखी वाजली आणि मला त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

आईबाबा भावाकडे गेले होते. घरात आम्ही दोघीच. इतक्या लवकर सगळं झालेलं पाहून अक्काने देवाला हात जोडले.

सणाच्या दिवशी मी एकटीच वाटायला निघाले. एरवी मी अक्काच्या मागे उभी राहते आणि ताट धरते. लिफ्टमध्ये कोणी असलं तर जिन्याने जाते. त्या दिवशी मी अनोळखी दारांचीही घंटा वाजवली. प्रत्येक दार मी बोट उचलायच्या आतच उघडतंय असं वाटत होतं, जणू आत सगळे माझ्यासाठी थांबले होते. लिफ्टच्या आरशात माझा चेहरा फार छान दिसत होता. माझं काम करायला कोणी चांगली नटी ठेवावी तसा. मी तिच्याकडे पाहून हसले. ती माझ्या आधी हसली.

जेवणं झाल्यावर खालच्या मजल्यावरची बाई आली. हसत हसत तिने विचारलं, की रविवारी म्हैसूरला न्यायला बस किती वाजता येणार, मुलं आत्तापासून नाचतायत. मला काही कळेना. ती म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना, इमारतीतल्या सगळ्या मुलांना नेणार म्हणून?

आणि मग मला माझाच आवाज आठवला, दुसऱ्या कोणाचा ऐकल्यासारखा. बस, डबे, प्राणिसंग्रहालय, सगळं मीच सांगितलं होतं, एका दमात.

अक्का आतून म्हणाली, “बोलू दे की तिला. इतकी वर्षं तोंड शिवलेलं होतं.”

ओसीडीशिवाय मला दुसराही एक आजार आहे, तो मला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी मन असंच चढत गेलं होतं. तेव्हा घरचे मला गावभर शोधत होते आणि मी इथल्या, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडवर अनोळखी लोकांना लग्नाचे आणि नोकरीचे सल्ले देत बसले होते. लोक ऐकतही होते. त्यानंतर कित्येक आठवडे मला अंथरुणातून उठता आलं नव्हतं. अलीकडे ओसीडीच्या गोळीचा डोस वाढवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, की या गोळीने मन पुन्हा चढू शकतं. झोप कमी होऊनही थकवा आला नाही किंवा बोलणं वाढलं, तर बरं वाटत असतानाच फोन करायचा. मन असं चढण्याला हायपोमेनिया म्हणतात. मी दोन-तीन रात्री नीट झोपले नव्हते आणि मला ते जाणवलंही नव्हतं.

पण हीसुद्धा ओसीडीचीच शंका नसेल कशावरून? मी आयुष्यभर गॅस तपासला, कुलूप तपासलं, आता स्वतःचा आनंद तपासत असेन. एका आजाराचं काम शंका घेणं आणि दुसऱ्याचं शंका पुसून टाकणं. मधे उभं राहून कोणाचं ऐकायचं? मला इतकंच समजलं, की ओसीडीची शंका छातीत धडधडत येते. ही शंका थंड होती. आणि ती खरी निघू नये असं मला फार वाटत होतं.

मी फोन उचलला, तशी अक्का समोर येऊन उभी राहिली. “बरी झालीस, तर तेवढंही सोसवत नाही का तुला?”

मला तिचंच पटत होतं. भीती वाटायला हवी होती ती या पटण्याचीच, आणि ती वाटत नव्हती.

“अक्का, मला हे आवडतंय,” मी म्हटलं. “म्हणूनच फोन करतेय.”

डॉक्टरांनी थोडे प्रश्न विचारले. वाढवलेला डोस आजपासून बंद करायला सांगितला आणि उद्या सकाळी मल्लेश्वरमच्या दवाखान्यात बोलावलं. चहा नाही, बाहेर जाणं नाही, पडदे ओढून अंधारात पडून राहायचं, झोप येवो न येवो. मी विचारलं, ते हात धुणं परत येईल का? येऊ शकतं, त्या म्हणाल्या, त्याचं आपण नंतर बघू. मग घरातल्या कोणाला तरी फोन द्यायला सांगितलं.

अक्का बराच वेळ ऐकत होती. मधे मधे नुसतं कानडीत “सरी, सरी”, म्हणजे बरं, बरं, म्हणत होती. फोन ठेवून ती माझ्या खोलीत आली. गॅलरीत लख्ख ऊन होतं. तिने पडदे ओढले, फटीत चादर खोचली आणि माझा मोबाइल कमरेला खोचून बाहेर गेली.

थोड्या वेळाने घंटा वाजली. बाहेर मुलांचे आवाज होते. अक्काने दार थोडंसंच उघडलं असावं. रविवारचं काही नाही, तिला बरं नाही, असं ती हळू आवाजात सांगत होती. हे वाक्य तिने माझ्याबद्दल कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी डोळे उघडे ठेवून अंधारात पडले होते. उठावं, दारात जावं, बस नक्की येणार आहे असं त्यांना सांगावं. दोन्ही हातांनी मी पलंगाची कड धरून ठेवली.