गणपतींच्या रांगेतला मेंढपाळ

पेणजवळच्या जोह्यात मूर्तींच्या कारखान्यात शिरलं की आधी ओल्या मातीचा आणि कच्च्या रंगाचा वास येतो. मग डोळे आतल्या अंधाराला सरावतात आणि गणपती दिसू लागतात. जमिनीपासून छपरापर्यंत फळ्यांवर ओळीनं मांडलेले, पांढरेफटक, अजून डोळे न आखलेले. दरवर्षी घरची मूर्ती ठरवायला मलाच पाठवतात. देवाबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण भाविक माणसाला सगळ्याच मूर्ती आवडतात, त्यामुळे निवडीचं काम संशयी माणसाकडे असलेलं बरं. यंदा मान वर करून पाहत होतो, तर अगदी वरच्या फळीवर, फुटक्या साच्यांच्या मागे, एक ओळखीचा चेहरा दिसला. हातभर उंचीचा, पायघोळ अंगरख्यातला मेंढपाळ. खांद्यावर कोकरू. कोकराचे डोळे रंगवलेले, त्याचे मात्र कोरेच.

कारखान्याच्या मालकानं माझी नजर ओळखली. "तो व्हय? फादरच्या ऑर्डरीतला हाय. एखादा फुटला तर असावा म्हनून जास्तीचा काढला होता. फुटला नाय एक पन. बसलाय तिथं धूळ खात." मग म्हणाला, "फादर बरे हायेत ना?"

ते फादर नव्हते. लुथरन मंडळीचे पाळक होते. पेणला आमच्याच गल्लीत, मागच्या दोन खोल्यांत ते राहायला आले तेव्हा लुथरन म्हणजे काय हे इथं कोणालाच माहीत नव्हतं, आणि जाणून घेण्याची कोणाला घाईही नव्हती. रिक्षावाल्यांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना फादर करून टाकलं. सुरुवातीला ते समजावून सांगत, की फादर निराळे, ते कॅथलिक, त्यांना लग्न करता येत नाही. मी पाळक, मला बायको आहे. रिक्षावाला म्हणे, "मग वहिनी कुठं हायेत, फादर?" वहिनी छिंदवाड्याला शाळेत शिकवत होत्या. हे सांगितल्यावर रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर जे समजूतदार हसू येई ते पाहून त्यांनी समजावणं सोडून दिलं.

त्यांची मंडळी म्हणजे झारखंडातून आणि आंध्रातून इथल्या कारखान्यांत कंत्राटी कामावर आलेली माणसं. रविवारी सकाळी डोलवीत भाड्याच्या हॉलमध्ये उपासना, दुपारी रोह्याला नदीपलीकडच्या अष्टमी गावात, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. मधल्या वेळात एसटी. बाकीचे दिवस दवाखान्यात कोणाच्या उशाशी, खोलीमालकाच्या दारात कोणाची रदबदली करत, नाहीतर तापानं गेलेल्या एखाद्याला शेकडो कोसांवरच्या गावी धाडण्याच्या खटपटीत. शिफ्ट संपवून माणसं थकली की त्यांच्याकडे येत. ते थकले की खिडकीच्या गजाला डोकं टेकवून नागोठण्यापर्यंत झोपत. आत्म्याची काळजी घेण्याची याहून वेगळी सोय त्यांच्या मुख्यालयानं केलेली नव्हती.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसत. छिंदवाड्याकडच्या वळणाचं मराठी बोलत, मला सर म्हणत. श्रद्धेवरून मी त्यांना पुष्कळ टोचून पाहिलं, पण त्यांना वादाची हौस नव्हती आणि एकट्यानं वाद घालण्यात मजा नसते. एकदा मी विचारलं, तुमच्या प्रभुभोजनात सर्वांना भाकर आणि द्राक्षारस तुम्ही देता, मग तुम्हाला कोण देतं?

"कोणीच नाही, सर. वर्ष होऊन गेलं."

"आपल्या हातानं घ्यावी की. भांडं तुमच्याजवळच असतं."

"काही जण घेतात. मला आमच्या गुरुजींनी शिकवलं, घ्यायची नाही. दुसऱ्यानं समोर उभं राहून म्हणायला पाहिजे, की हे तुझ्यासाठी आहे. बाकी सगळं स्वतःला सांगता येते, सर. तेवढंच सांगता येत नाही. मी लोकांना म्हणून म्हणून..." त्यांनी गळ्यावरून हात फिरवला. "माझ्यापुरतं ते वाक्य आता लाकडासारखं लागून राहिलं. कोणीतरी मला म्हटलं तरच मी पुढं जाईन."

"मग मी म्हणतो. मला काय त्याचं!"

ते मोठ्यानं हसले. "तुमचा विश्वास नाही, सर. आवाज मात्र बिशपसारखा आहे."

खरे बिशप त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आले. थकलेल्या पाळकांच्या आत्मिक आरोग्यासाठी मुख्यालयानं विश्रांती शिबिर घ्यायचं ठरवलं होतं. जागा निवडली रोह्याच्या वर, कुंडलिकेच्या काठचं एक रिसॉर्ट. यजमान म्हणून अर्थातच सर्वांत जवळचा पाळक नेमला गेला. म्हणजे सर्वांत थकलेल्या माणसाला इतर थकलेल्यांच्या गाद्या मोजून घ्यायचं, त्यांना स्टेशनवरून आणायचं आणि बिशपांच्या भाजीत मिरची पडू न देण्याचं काम मिळालं. तरी ते खूश होते. समारोपाला प्रभुभोजन होतं, आणि देणारे हात दुसऱ्याचे असणार होते. तेवढ्यासाठी त्यांनी गाद्याच काय, रिसॉर्टसुद्धा डोक्यावर उचलून आणलं असतं.

बिशप इंग्रजीत बोलणार, म्हणून दुभाषी मी. शिबिराच्या दारात बिशपांचा हसरा फोटो असलेला फलक होता. खालच्या कोपऱ्यात दमलेली मेंढी, त्या मानानं लहान. दमलेल्यांच्या स्वागताला लेझीम होतं. बिशपांनी प्रवचनाला गोष्ट घेतली ती एका जुन्या संदेष्ट्याची. तो थकून झुडपाखाली पडतो, मरण मागतो, आणि देवदूत त्याला उपदेश न करता नुसता हलवून उठवतो व गरम भाकर देतो. देवदूतानं उपदेश केला नाही, हा मुद्दा समजावून सांगायला बिशपांना जवळजवळ सगळी सकाळ लागली. मी इमानानं हिंदी करत राहिलो. आमचे पाळक त्या वेळी मागं जनरेटरवाल्याशी बोलत होते.

शेवटच्या सकाळी लक्षात आलं, की जोह्याहून मेंढपाळ आलेले नाहीत. प्रत्येक पाळकाला स्मृतिचिन्ह म्हणून ते द्यायचे होते. बिशपांचे सचिव तापले. "समारोपाला बिशपांच्या हातात काय देऊ? तुमचं डोकं?"

"जाऊन आणतो मी. प्रभुभोजन दुपारीच आहे ना?"

"दुपारीच. निघा तुम्ही."

ते टेम्पोत बसून गेले. आणि मग सचिवांना बिशपांच्या विमानाची काळजी वाटू लागली, सत्कार जेवणानंतर आणि प्रभुभोजन आधी उरकावं असं ठरलं. मी फोन लावला. टेम्पो मूर्ती घेऊन परत निघाला होता आणि वडखळच्या नाक्यावर अडकला होता. मी सचिवांना म्हटलं, जरा थांबूया, यजमान वाटेत आहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, यजमानानं मागून जेवायचं असतं. तुमच्यातही तसंच ना?"

भाकर दिली गेली. ती खोली त्या वेळी खरोखर शांत झाली, हे मला मान्य करायला हवं. दोन दिवस जांभया देणारी माणसं ओळीनं पुढं गेली, हात पसरून उभी राहिली, आणि परत येताना काहींचे डोळे ओले होते. एवढ्याशा तुकड्यात काय असतं ते मला कळलं नाही, पण काय नसलं म्हणजे माणूस कसा दिसतो ते जेवणं आटोपताना कळलं. टेम्पो आला तेव्हा पाळकांच्या सदऱ्याला वर्तमानपत्राचे कपटे चिकटले होते, बोटांना रंग. बिशपांचा पेला पुसून मखमली पेटीत ठेवणं चाललं होतं. त्यांनी तो पाहिला आणि हातातला मेंढपाळ सावकाश खाली ठेवला.

मग ते सरळ बिशपांपाशी गेले आणि हळू आवाजात म्हणाले, की मला मिळालं नाही, वर्ष उलटून गेलं, दोन मिनिटं द्या. बिशपांनी नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. घड्याळाकडे पाहून इंग्रजीत काही म्हणाले आणि दुभाष्याच्या सवयीनं मी ते सांगितलं, त्यांच्यापुरतं मराठीत. पाळकांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं.

"ते म्हणतात, तुम्ही स्वतः पाळक आहात. तुमच्याजवळ सगळं आहेच."

त्यानंतर सत्कार झाला. पाळकांनी आणलेला मेंढपाळ पाळकांनाच देण्यात आला. फोटोवाल्यानं दोनदा हसायला सांगितलं आणि ते दोनदा हसले.

पेणला आम्ही त्याच रिकाम्या टेम्पोतून परतलो. मी चिडलेलो होतो, आणि चिडलो की मी विनोद करतो. म्हटलं, "एवढं काय त्यात? घरी त्या भाकरीच्या चकत्या डबाभर आहेत ना तुमच्याकडे."

"हो, सर," ते म्हणाले. "डबाभर आहेत."

मुख्यालयाच्या वार्तापत्रात तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, नव्या उमेदीनं सेवेत परतताना. वार्तापत्र आमच्या गल्लीत पोचलं तोवर ते राजीनामा देऊन छिंदवाड्याला गेले होते. जाताना मेंढपाळ आमच्या ओट्यावर ठेवून गेले. तो पहिल्याच पावसात विरघळला, कारण कारखान्यानं काम शाडूत केलं होतं. नंतर एकदा त्यांचा फोन आला. बायकोच्या शाळेत कचेरीचं काम पाहतात. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात. "पाळक नवीन पोरगा आहे, सर. अर्धे शब्द खाऊन टाकते. पण मी ओळीत उभा राहतो, आणि तो म्हणतो मला." काय म्हणतो ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आवाज मात्र विश्रांती झालेल्या माणसाचा होता. त्यांना जे हवं होतं ते मिळायला पाळकपण तेवढं सोडावं लागलं. डोलवीत त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. ती माणसं रविवारी आपली आपण जमतात, गाणी म्हणतात आणि पुढं टेबल रिकामं ठेवून उठतात.

कारखान्याचा मालक उत्तराची वाट पाहत होता. मी म्हटलं, "बरे आहेत. आता वेळच्या वेळी मिळतं त्यांना."

"मग झालं." तो खूश झाला. "नेता का ह्याला? उभ्या उभ्या डोळे आखून देतो. गनपतीचेच आखीन, पन चांगले."

मी नको म्हटलं. या फळ्यांवरचे सगळे गणपती भाद्रपदात वाजतगाजत जातील आणि पाण्यात विरघळतील, पुढच्या वर्षी त्याच साच्यांतून दुसरे येतील. मेंढपाळ तेवढा जागेवर राहील, कोकरू खांद्यावर घेऊन. त्याला कोणी न्यायला येणार नाही, म्हणून तो टिकेल. मालकानं शिडीवर चढून फडक्यानं त्याची धूळ झटकली आणि तोंड भिंतीकडे करून परत ठेवला.