समोरच्याचा कागद

ड्राफ्टकाकांकडे अर्ज लिहून घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला तासभर स्वतःबद्दल एक अक्षर बोलता येत नसे. आपण तावातावाने सुरुवात करावी, तर काका हात वर करून म्हणत, "तुझं नंतर. पहिले समोरच्याचं बोल." मग ते एक पाठकोरा कागद पुढे ओढत आणि आपण ज्याच्यावर भडकून आलो आहोत, त्याची बाजू आपल्याच तोंडून वदवून घेत. ती लिहून झाली, वाचून दाखवून झाली, "असंच म्हणेल ना तो?" हेही विचारून झालं, की रेघांचा चांगला कागद निघे. त्यावर आपला अर्ज.

धरमपेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर, काका आणि काकू दोघंच राहत. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून त्यांचं आयुष्य मसुदे लिहिण्यात गेलं होतं, आणि निवृत्तीनंतर तेच काम ते लोकांसाठी फुकट करत. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो शेजाऱ्याच्या कूलरची तक्रार घेऊन. कूलरचं पाणी रात्रंदिवस माझ्या स्कूटरच्या सीटवर ठिबकायचं. काकांनी समोरच्याचा कागद काढला आणि मला सांगावं लागलं, की त्या खोलीत शेजाऱ्याची अंथरुणाला खिळलेली आई आहे, आणि मे महिना आहे. मग काका म्हणाले, "आता सांग, अर्जात काय लिहू?" मी घरी येऊन स्कूटर दोन हात सरकवून लावली. रागही आला होता, खोटं कशाला बोलू.

समोरच्याचं ऐकताना काका पाइप भरत राहत. चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने दाबणं, परत चिमूटभर. काडी मात्र दोन्ही कागद पुरे झाल्यावरच ओढायची. विडी-सिगारेट आणि खर्रा नागपूरच्या कोणत्याही पानठेल्यावर मिळतो, पण काकांचा तंबाखू कोलकात्याच्या एका जुन्या दुकानातून पार्सलने येई. पुढे त्या पार्सलात आम्ही तिघे सामील झालो: मी, कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले मेश्राम, आणि कामठीचे सुभेदार. मी विमा एजंट. गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर 'धूम्रपान करता का' हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारायचा आणि संध्याकाळी काकांच्या व्हरांड्यात येऊन बसायचं, असा माझा धंदा होता.

पार्सल आलं की आमचा सणच. मेश्राम बसने येत, सुभेदार शेअर ऑटोने. काका शिवण उसवून कापड बाजूला करत, आणि वाळलेल्या अंजिरासारखा वास व्हरांडाभर पसरे. काकू चहा आणून ठेवत आणि आत जाऊन खोकत. तो खोकला आम्हाला ऐकू येत असे. पंख्याचा आवाज जसा येतो तसा, म्हणजे कोणाचं लक्ष नसे.

मग एक दिवस पेपरात बातमी आली. टपालाने, कुरिअरने तंबाखू विकण्यावर बंधनं घालण्याचा मसुदा निघाला होता, आणि लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघेही न ठरवता काकांच्या जिन्यात भेटलो.

सुभेदारांचा चेहरा लालबुंद होता. "बर्फात पोस्टिंग होती तेव्हा खच्चरावरून पार्सल यायचं माझं. आता कामठीत नाही येणार? ये क्या बात हुई यार!"

मेश्राम म्हणाले, "तीस वर्सं चिमणीखाली काढली म्या. तवा कोनाले माह्या छातीची काळजी नाई वाटली. आता पाइपच काहून दिसून राहिला यायले?"

मी माझा मुद्दा ठेवला, की आम्ही सगळे पिकली पानं, आम्हाला कोण बिघडवणार? नातवंडं मोबाइलवरून जगभरचं काय काय मागवतात ते चालतं! आम्ही इतके छान चिडलो होतो, की अर्ज जोरदार होणार यात मला शंका नव्हती. आणि काका तर आमच्यापेक्षा जुने ओढणारे. मसुदा पास झाला तर पहिला फटका त्यांनाच होता.

काकांनी पाइप भरायला घेतला आणि पाठकोरा कागद ओढला. "बोला समोरच्याचं."

"सामने तो सरकार आहे," सुभेदार म्हणाले. "तिचं काय बोलायचं?"

"सरकारने मसुदा काढला. समोर कोण आहे ते वेगळं. पाहा जरा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो कागद कोरा राहायची वेळ आली होती. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे टेबलावर ठेवता ठेवता त्यांना उबळ आली, आणि ती लवकर थांबेना. काकांनी हातातला पाइप खाली ठेवला.

"तू बोल वं," ते म्हणाले.

"मी? मी कायले बोलू तुमच्यात?"

"बोल. मी लिहितो."

काकूंना आधी हसू आलं. मग त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात बोलल्या. "पार्सल घेत कोण होतं? तुम्ही ऑफिसात. पोस्टमन खालून हाक मारे, मी हातातलं टाकून जिना उतरत होती आन् सही करत होती. तीस वर्षं केली. बाई, हे तुमच्या घरात पाहिजे का, असं मले कोणी विचारलं नाई. मागच्या वर्षी डॉक्टरनं विचारलं, आजी, तुम्ही ओढता का? मी म्हटलं, नाई जी. पन घरी येतानी मले वाटलं, सही तं माहीच आहे."

काका लिहीत होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, त्या दिवशीही जरा हललं नाही. लिहून झाल्यावर त्यांनी शब्दन्‌शब्द वाचून दाखवला आणि नेहमीसारखं विचारलं, "असंच ना?" काकूंनी मान हलवली. तेव्हा त्यांनी कागद फिरवून पेन पुढे केलं. समोरच्याच्या कागदावर सही घेतलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

मग रेघांचा कागद निघाला. काकांनी लिहिलं, की सरसकट बंदी नको, आमच्यासारख्यांना हा माल गावात मिळत नाही. पुढे लिहिलं, की तंबाखूचं पार्सल कोणाच्याही घरी देऊ नये. जो ओढतो त्याने स्वतः पोस्टात यावं, वयाचा पुरावा दाखवावा आणि स्वतःच्या हाताने सही करावी. आणि शेवटी: घरच्यांचं म्हणणं सोबत जोडलं आहे.

"काका, अर्ज आपला हाये का त्याइचा?" मेश्रामांनी विचारलं.

"आपलाच आहे. म्हणून तर इतकंच मागता येते."

सुभेदार सही न करता उठले आणि जिना दणादणा उतरून गेले. मेश्रामांनी पुटपुटत केली. मी केली ती, खरं सांगायचं तर, काकू बघत होत्या म्हणून.

त्या अर्जाचं उत्तर आजवर आलेलं नाही. काकांनी उत्तराची वाट पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोलकात्याच्या दुकानाला पत्र टाकलं, की यापुढे पार्सल घरी पाठवू नका, पोस्टात ठेवायला सांगा आणि वर लिहा: ज्याच्या नावाने आहे, त्याच्याच हाती द्यावे. तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. भर एप्रिलमध्ये डोक्याला दुपट्टा गुंडाळून हा माणूस पोस्टापर्यंत चालत जाई आणि वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या क्लार्कपुढे आधार कार्ड धरे. क्लार्क हसून म्हणे, "काका, कायले लाजवून राहिले?" काका म्हणत, "नंबर पाहून घे." घरातला पाइपही बंद झाला. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभं राहून ओढायचा. मी विचारलं, त्रास नाही होत? "होते ना. म्हणून कमी ओढतो," म्हणाले. काकूंचा खोकला गेला नाही, पण रात्री झोप लागायला लागली, असं त्या सांगत. चार-सहा महिन्यांनी सुभेदारही परत आले आणि कडुनिंबाखाली आमच्याबरोबर उभे राहिले.

मी आयुष्यात भाषणं करणारी मोठी माणसं पुष्कळ पाहिली. स्वतःच्या व्यसनावर स्वतः अट घालून, ती कोणी मान्य करण्याआधीच पाळत बसलेला माणूस हा एकच.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते बसलेच. तेराव्यानंतर आठवड्याने पोस्टातून काकूंना फोन आला, एक पार्सल येऊन पडलं आहे म्हणून. मी त्यांना ऑटोने घेऊन गेलो. काउंटरवर ते नेहमीचं कापडी गाठोडं होतं आणि त्यातून तोच वास येत होता. माझ्या मनात काय आलं ते लपवत नाही. सहीचं काम तेवढं, मग हा शेवटचा तंबाखू आम्हा तिघांचा.

क्लार्क भला माणूस. त्याने रजिस्टर फिरवून काकूंपुढे पेन ठेवलं. "नियमानं देता येत नाई आजी, पन आता काकाच नाई राहिले. सही करा, घेऊन जा."

काकूंनी पेन उचललंही. सवयीचा हात होता तो. मग त्यांनी लेबलावरची ओळ बोट ठेवून वाचली, पेन जागेवर ठेवलं आणि गाठोडं दोन्ही हातांनी क्लार्ककडे सरकवलं.

"परत पाठवा बाप्पा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मले त्या सहीतून सोडवलं आहे."